‘बहुतेक’ गाळायचा नाही

मंगळवार, ४ मार्च

चिमण्या,

सहा फुटी माणसाला अजून चिमण्या म्हणते म्हणून रागावू नकोस. रागवायला तुझ्याकडे याहून मोठी कारणं आहेत. आणि तुझ्याआधी हे पाकीट उघडणाऱ्या तुरुंगातल्या साहेबांना नमस्कार. साहेब, यात लपवण्यासारखं काही नाही, तेवढं त्याच्या हातात पडू द्या.

माझी मागची अकरा पत्रं तू परत पाठवलीस, तीही न वाचता. मला कसं कळलं म्हणशील, तर तू कुठलाही कागद वाचलास की त्याचा वरचा कोपरा मुडपतोस. शाळेत सगळ्या पुस्तकांची तू वाट लावली होतीस, बाबांचं वर्तमानपत्रसुद्धा सोडायचा नाहीस. माझ्या अकराही पत्रांचे कोपरे करकरीत कोरे आले. असू दे. मी तुझीच बहीण आहे, हट्टात मीही कमी नाही. हे बारावं.

या वेळी सांगण्यासारखं खरंच काहीतरी आहे. आमच्या सभागृहात एक विधेयक आलंय. हत्यार आहे हे ठाऊक असून गुन्ह्याच्या जागी जो सोबत होता तो मारणाऱ्याइतकाच दोषी, मग तो आत गेलेला असो नाहीतर बाहेर गाडीत बसून राहिलेला असो, हा जो कायदा तुझ्या मानगुटीवर बसला, तोच बदलायला निघालेत. यापुढे सोबतच्या माणसाला आधी नेमकं किती ठाऊक होतं ते बघायचं आणि त्याने जेवढं केलं तेवढीच शिक्षा द्यायची. तू गोदामाबाहेर गाडी घेऊन थांबला होतास, आत ते दोघं गेले, आणि तो बिचारा पहारेकरी गेला जिवानिशी. चौदा वर्षं तिघांनाही सारखीच. त्यातली तुझी नऊ झाली.

आता खोच कुठे आहे ते सांगते. ज्यांना आधीच शिक्षा झालीय त्यांचे खटले पुन्हा उघडता येतील का? नवव्या कलमात ते आहे असं सगळे म्हणतात. मी ते कलम चार वेळा वाचलं. जुन्या खटल्यांचा शब्द मला कुठे सापडला नाही. सरकारी भाषा आहे, पोटात काय दडलंय ते त्यांनाच ठाऊक.

अधिवेशन एकवीस तारखेला संपतंय, मग निवडणुका. तोवर मंजूर झालं नाही तर विधेयक बारगळलं, की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून मी रोज बोटं मोजतेय.

आई बरी आहे. गुडघ्यांनी मात्र पार संप पुकारलाय, त्यामुळे तिला तुझ्या भेटीला येता येत नाही. रविवारच्या तुझ्या फोनची ती सकाळपासून वाट बघते, पण तिथपर्यंत पोचेस्तोवर घंटी थांबेल म्हणून फोन मीच उचलते. तू म्हणतोस, “आईला दे.” नऊ वर्षांत तू माझ्याशी एवढेच शब्द बोललास. तेही मी दर रविवारी ऐकते आणि देते.

तुझी,
ताई


मंगळवार, ११ मार्च

चिमण्या,

आज मला एका म्हाताऱ्या माणसाचा इतका राग आलाय की चहासुद्धा गोड लागला नाही.

आमच्याकडे विरोधी बाकांवर एक गृहस्थ आहेत, त्यांना सभागृहातलं बोलणं उतरवून घेणारे आम्ही सगळे प्रतिवेदक नियमकाका म्हणतो. सत्तरी ओलांडलीय. खिशात नियमांचं पुस्तक, त्याला शंभर चिठ्ठ्या लावलेल्या. कुणी शिंकलं तरी हे हरकतीचा मुद्दा घेऊन उभे राहतील. सरकारचं म्हणणं, वेळ कमी आहे, सगळ्या कलमांवर एकदमच मत घ्या आणि मोकळे व्हा. नियमकाका म्हणाले, “अध्यक्ष महोदय, माणसांना वर्षानुवर्षं कोंडून ठेवणारा कायदा आपण बदलतोय. प्रत्येक कलम वेगळं वाचलं पाहिजे, वेगळं मत घेतलं पाहिजे. घाई कुणाला आहे?”

मला आहे! मला आहे घाई, काका! टेबलाखाली पाय आपटावासा वाटला. पण आम्ही असे बसतो की अध्यक्षांच्या आसनासमोर खाली एक लहानसं टेबल, त्यावर दोन वह्या आणि पेन्सिलींचा पेला, आणि दोन्ही बाजूंनी आरडाओरडा. दहा मिनिटांची पाळी असते. दहा मिनिटं तोंड मिटून लघुलिपीत लिहायचं, मग पुढची येऊन हळूच शेजारी बसते, आपण उठायचं आणि वर जाऊन तेवढा मजकूर टाईप करायचा. तिथे आम्हाला कान आणि हात एवढंच असतं. मत नसतं.

मी आमच्या मुख्य प्रतिवेदकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माझा भाऊ या कायद्याखाली आत आहे, मला यातून वगळा. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “निम्मी माणसं निवडणुकीच्या कामाला गेलीत. तुम्हाला वगळून मी लिहू काय? बसा. तुमचा हात कधी चुकला नाही.”

हात कधी चुकला नाही म्हणे.

वाद चार तास चालला. कायद्यावर नव्हे, कायद्यावर कसं बोलायचं यावर! शेवटी अध्यक्षांनी निवाडा दिला, कलमवार चर्चा होईल. म्हणजे नववं कलम एकोणीस तारखेला येणार. हातात उरणार दोन दिवस.

घरी आल्यावर आईला सांगितलं, तर ती नियमकाकांच्याच बाजूची निघाली. म्हणाली, “बरोबर आहे त्यांचं. तुम्ही दोघं लहानपणी गृहपाठ असेच उरकायचात. तू त्याचं वाक्य पुरं करायचीस आणि तो मान हलवायचा.”

मी उठून भांडी घासायला लागले. घासलेलीच होती.

आठवतं का रे तुला? तू लहानपणी फार अडखळायचास. “ताई, मला, म्हणजे ना, ते आहे ना, ते…” आणि मी तुझ्या वतीने बोलून मोकळी व्हायची. दुकानात, शाळेत, बाबांसमोर. मला वाटायचं मी तुला सांभाळतेय. मी तुला पुरं बोलूच दिलं नाही, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

तुझी,
ताई


बुधवार, १९ मार्च

चिमण्या,

आज जे झालं ते आधी सांगते, मग मागचं. मागचं सांगायला धीर लागेल, तोवर पेन्सिल कोरून घेते.

नववं कलम आलं. नियमकाका उभे राहिले, पुस्तक बंद करून खिशात ठेवलं. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. म्हणाले, “मंत्र्यांनी एका वाक्यात सांगावं. ज्यांना आधीच शिक्षा झाली आहे, त्यांना हे लागू होणार की नाही?”

त्याच वेळी माझी पाळी सुरू झाली होती. मंत्री उठले, मागे बसलेल्या सचिवांकडे पाहिलं, सचिवांनी कागद चाळले. मग मंत्री म्हणाले, “अं… म्हणजे, जुन्या खटल्यांनाही ते, मला वाटतं, बहुतेक लागू होईल.”

मी लिहिलं. वर गेले, टाईप केलं. आमच्याकडे रीत अशी की ज्याचं भाषण असेल त्याला कच्ची प्रत तपासायला जाते. चुकलेलं नाव, आकडा तेवढं तो सुधारू शकतो, अर्थाला हात लावायचा नाही. अर्ध्या तासात मंत्र्यांच्या कार्यालयातून प्रत परत आली. ‘मला वाटतं, बहुतेक’ यावर लाल रेघ. उरलं काय, तर ‘जुन्या खटल्यांनाही ते लागू होईल.’

बघितलंस? साक्षात मंत्र्याचं ठाम आश्वासन, छापील, कायमचं! तुझी वकीलबाई ते न्यायालयात फडकवू शकली असती. मला काहीच करायचं नव्हतं. लाल रेघ होती तशी राहू द्यायची, पान पुढे सरकवायचं. आमचे मुख्य प्रतिवेदक साहेब जागेवर नव्हते. खोलीत मी एकटी आणि तो कागद.

आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं.

आता ऐक. तू हे परत पाठवणार असशील तरी मी लिहिणार. त्या सकाळी पोलिसांकडे हजर व्हायच्या आधी तू ओट्याजवळच्या स्टुलावर बसला होतास. मी म्हटलं, तू नुसता बोल, मी नीट लिहून देते. तू बोललास, मी वहीत उतरवलं. तू म्हणालास, “त्यांच्या हातात काहीतरी होतं, सळई असेल बहुतेक, मला वाटलं जॅकचा दांडा आहे, गाडीच्या आरशात दिसलं तेवढंच, मी नीट बघितलं नाही ताई.” आणि मी टाईप केलं, ‘त्यांच्या हातात सळई होती.’

वाईट हेतू नव्हता रे. हात तसा वळलेला होता. दिवसभर पुढाऱ्यांची अडखळणारी वाक्यं सरळ करायची, घरी भावाचंही केलं. मला वाटलं, स्वच्छ लिहिलं तर तू खरा माणूस वाटशील. तू न वाचता सही केलीस. जन्मभर प्रत्येक कागदाचा कोपरा मुडपणारा तू, तो एक कागद वाचला नाहीस, कारण तो ताईने लिहिला होता.

तरी तेवढ्यावर सावरता आलं असतं. तू न्यायालयात सांगितलंस, मी असं बोललो नव्हतो. न्यायाधीशांनी मला उभं केलं. विचारलं, “हे शब्दशः आहे?” मी म्हटलं, “हो. शब्दशः.” का म्हटलं? त्याच महिन्यात मी नोकरीत कायम झाले होते. प्रतिवेदक म्हणून सगळ्यांसमोर कसं सांगू की मी शब्द गाळले? मला लाज वाटली आणि भीती वाटली. बस, एवढंच कारण. निकालात न्यायाधीशांनी तेच वाक्य वाचून दाखवलं. सळई आहे हे आरोपीला ठाऊक होतं, असं तो स्वतःच म्हणतो. तू माझ्याकडे बघितलंस. ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे.

वकीलबाईंना मी सांगितलं होतं, वही रद्दीत गेली. गेली नव्हती. शिवणयंत्राच्या खणात आहे, बॉबिनांच्या डब्याखाली. नऊ वर्षं मी ती उघडली नाही आणि फेकलीही नाही.

नव्या मुली कामाला लागतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना एकच गोष्ट शिकवते. ‘अं’ गाळायचा, ‘बहुतेक’ गाळायचा नाही. पोरी हसतात, म्हणतात बाई फार कडक आहेत. मी हे का शिकवते ते कुणाला ठाऊक नाही.

तर आज मी लाल रेघेखाली टिंबं मारली, शेजारी लिहिलं, ‘अर्थ बदलतो, कायम ठेवावे’, आणि पान छपाईला पाठवलं. मंत्री जसे बोलले तसे. मोडके, धरसोडीचे, बहुतेक.

तुझ्या हिताचं वाक्य मी माझ्या हाताने लुळं केलं, चिमण्या. दुसऱ्यांदा तुझं वाटोळं केलं की काय, हाच विचार सारखा मनात येतोय. पण तुझ्यासाठीसुद्धा मला पुन्हा खोटं लिहिता आलं नाही. तुझ्याचमुळे आलं नाही.

मला शिव्या दे. पण वाचून दे.

ताई


गुरुवार, २० मार्च

चिमण्या, घाईत लिहितेय, जेवणाच्या सुट्टीत, कॉरिडॉरच्या बाकावर.

सकाळी कामकाज सुरू होताच नियमकाका उभे. हातात कालचा छापील अहवाल. आमचा अहवाल कुणी वाचत नाही असं आम्ही कायम रडतो, आणि हा म्हातारा पहाटे उठून पान न् पान वाचतो म्हणे!

म्हणाले, “अध्यक्ष महोदय, पान बेचाळीस. मंत्री म्हणतात, ‘मला वाटतं, बहुतेक लागू होईल.’ तुरुंगातल्या माणसाला मी काय सांगू? की तू बहुतेक सुटशील? मंत्र्यांना वाटतं, ते कलमात लिहा. एक ओळ. नाहीतर हे कलम मी पुढे सरकू देणार नाही.”

मंत्री म्हणाले, अहवालात चूक असेल. अध्यक्षांनी आमच्या टेबलाकडे पाहिलं. पण ध्वनिफीत मागवली, सभागृहात ऐकवली, आणि त्यातून मंत्र्यांचाच आवाज आला, “अं… म्हणजे…” दोन्ही बाजू खो खो हसल्या. शेवटी मंत्रीही हसले, आणि दुपारी दुरुस्ती आणतो म्हणाले. एक ओळ. ‘हे कलम याआधी शिक्षा झालेल्यांनाही लागू राहील.’

लाल रेघ मी तशीच ठेवली असती, तर नियमकाकांना पान बेचाळीसवर काहीच खटकलं नसतं. सगळे समाधानाने पुढे गेले असते, आणि कलमात ती ओळ कधीच आली नसती.

आणि ऐक, दुसरं. माझं चार तारखेचं पत्र आज सकाळी परत आलं. मी पाकीट फोडलं आणि बघतच राहिले. वरचा कोपरा मुडपलेला होता. अगदी नीट, नखाने दाबून.

परत पाठवलंस ते पाठवलंस, पण वाचून पाठवलंस रे लबाडा! बाकावर बसून मी रडले. एक शिपाई विचारून गेला, बाई, कुणी गेलं का?


शुक्रवार, २१ मार्च

चिमण्या,

मंजूर झालं!

आवाजी मतदानात दोन्हीकडून सारखाच गदारोळ झाला, म्हणून मतं मोजली. बाजूने एकशे चार, विरुद्ध एकशे एक. आकडे मीच उतरवले. एकशे चार लिहिताना शिसं तुटलं, माझ्या उभ्या नोकरीत असं पहिल्यांदा झालं. शेजारच्या मुलीने न बोलता आपली पेन्सिल माझ्या हातात दिली.

वकीलबाईंना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, दार उघडलं, पण खटला पुन्हा चालायला नवा पुरावा लागेल. मी म्हटलं, आहे. त्या म्हणाल्या, “तुम्ही रद्दीत गेली म्हणाला होतात ती?” मी म्हटलं, हो, तीच.

मग वही घेऊन साहेबांसमोर उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खोट्या साक्षीसकट. साहेब म्हणाले, “आधी बसा. पाणी प्या.” मग वही उघडली. माझी लघुलिपी दुसऱ्या कुणाला लागत नाही, पण मला शिकवलं त्यांनीच. त्यांनी बोट ठेवून सावकाश मोठ्याने वाचलं. “…सळई असेल बहुतेक… मला वाटलं जॅकचा दांडा… मी नीट बघितलं नाही ताई.”

नऊ वर्षांनी तुझं बोलणं मी असं ऐकलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या खरखरीत आवाजात. प्रत्येक ‘म्हणजे’ जागच्या जागी होता. मला वाटलं तू तिथेच स्टुलावर बसला आहेस.

साहेबांनी वही मिटली. म्हणाले, “वाचून खरं आहे असं मी लेखी देतो. तुमची चौकशी होईल, ते माझ्या हातात नाही. कदाचित नोकरी जाईल.” मी म्हटलं, जाऊ दे. खरं सांगू? जाऊ नये असं फार वाटतं. पेन्शन लागू व्हायला दोन वर्षं राहिलीत, आणि मला हे काम मनापासून आवडतं. पण वही वकीलबाईंकडे पोचती केली. आता मागे फिरणं नाही.

आईलाही सांगितलं. ती एका शब्दाने रागावली नाही, म्हणून जास्तच लागलं. मग म्हणाली, “त्याला सांगितलंस का?” मी म्हटलं, लिहिलंय. “मग झालं,” म्हणाली, आणि माझा हात धरून बसली.

माफ कर असं मी लिहिणार नव्हते, तो तुझा प्रश्न. पण हात ऐकत नाही. माफ कर, चिमण्या.

ताई


रविवार, ३० मार्च

चिमण्या,

तू आज फोनवर जे बोललास ते तुलाच परत लिहून पाठवतेय. वेडी म्हण. हाताशी विजेच्या बिलाचं पाकीट होतं, त्याच्या पाठीवर उतरवून घेतलं. या वेळी एकही शब्द गाळलेला नाही, ‘अं’सुद्धा नाही.

मी: हॅलो. थांब, आईला देते.

तू: अं… नको. म्हणजे… आईला नंतर दे.

(मी बिलाचं पाकीट ओढलं आणि पेन्सिल घेतली.)

तू: ताई, ते… पत्रं. वाचली. म्हणजे, सगळी नाही, शेवटची… तीन का चार. मला राग… आहे अजून. बहुतेक राहील. माहीत नाही.

मी: राहू दे.

तू: मध्ये बोलू नको ना. मला… अं… पुरं करू दे.

(मी तोंडावर हात धरला.)

तू: तू साक्ष द्यायला उभी राहशील तेव्हा… म्हणजे, तुला विचारतील, टाकून बोलतील… घाबरू नकोस. मी तिथे असेन. म्हणजे, असणारच, मला आणतीलच. पण… तसं नाही. तुझ्या बाजूने असेन. हां. एवढंच. आणि ते… शिवणयंत्राचा खण. मला वाटायचंच. तू काही फेकत नाहीस. माझी ती निळी गोटी अजून… आहे का गं?

मी: आहे.

तू: मग… पुढच्या आठवड्यात भेटीला येतेस? येताना… नको, गोटी नको, आत घेऊ देत नाहीत. तू ये.

इथे घंटी वाजली आणि पाच मिनिटं संपली. आईला बोलायला मिळालंच नाही. मला वाटलं ती रुसेल. ती दारातल्या खुर्चीत बसून सगळं ऐकत होती, पदराने नाक पुसत म्हणाली, “पुढच्या रविवारी माझा नंबर पहिला, त्याला बजावून सांग.”

तर बजावून सांगतेय.

शनिवारी येते. या पत्राचा कोपरा तू मुडपायच्या आधी मीच मुडपलाय, कारण पाठवण्यापूर्वी मी ते तीन वेळा वाचलं.

ताई